ऑपरेशनची तारीख ठरली, पण मनाच्या गोळीचं काय करू?

गोदाकाठ | ६ जानेवारी, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचतेय, लिहितेय आज पहिल्यांदाच.

मी नाशिकची, वय ३८, उंची पाच फूट दोन इंच, वजन १०८ किलो. चार वर्षांपासून मधुमेह आहे, गुडघे त्याच्याही आधीपासून धरलेले. २८ जानेवारीला वजन उतरवण्यासाठी स्लीव्ह सर्जरी, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकण्याचं ऑपरेशन, ठरली आहे. तपासण्या झाल्या, आहारतज्ज्ञ बाईंनी पंधरा दिवसांच्या पातळ आहाराचा कागद दिला, सुट्टी मंजूर झाली. अडलंय एकाच गोष्टीवर.

दोन वर्षांपासून मी डिप्रेशनची गोळी घेते. आई गेल्यानंतर सुरू झाली. तिच्या आधाराने मी पुन्हा नोकरीवर जायला लागले, मुलाचा अभ्यास घ्यायला लागले. सर्जनकडच्या फॉर्मवर 'सध्या चालू असलेली औषधे' असा रकाना होता. त्यात मेटफॉर्मिन लिहिलं, थायरॉइडची गोळी लिहिली आणि पेन खाली ठेवलं. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. नवऱ्याला माहीत आहे, त्यांना नाही. गोळ्यांचं पाकीट घरात मेथीदाण्याच्या बरणीमागे असतं.

आता मावसबहीण म्हणते, भूल द्यायच्या आधी असल्या गोळ्या चालत नाहीत, आठवडाभर आधी गुपचूप बंद कर, कुणाला सांगायलाही नको. मला भीती वाटते की सांगितलं तर 'ही मानसिक रुग्ण आहे' म्हणून ऑपरेशनच रद्द करतील. दुसरं म्हणजे पोटाचा एवढा मोठा भाग काढून टाकल्यावर गोळी लागू तरी पडते का? आणि वजन उतरल्यावर ती आपोआप सुटते का? ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी कृपया खरं काय ते सांगा.

मंजिरी_पुणे | ६ जानेवारी, रात्री ११:५२

ताई, आजची गोळी घेतली नसेल तर आधी उठून घ्या. मग पुढचं वाचा.

माझा बायपास, हृदयाचा नव्हे, वजनासाठीचा पोटाचा, २०२१ मध्ये झाला. डिप्रेशनची सर्ट्रालिन १०० चालू होती आणि मी ती सांगितलीही होती. चूक झाली ती नंतर. पहिल्या दोन आठवड्यांत आपलं पोट म्हणजे काय असतं ते ऑपरेशन झालेल्यालाच कळतं. ३० मिलीची औषधाची टोपी भरायची, घोट घोट करत पंधरा मिनिटांत संपवायची, की पुढची टोपी. दिवसभर तेच. त्यात प्रोटीन, ॲसिडिटीची गोळी, व्हिटॅमिन, कॅल्शियम. एका सकाळी सर्ट्रालिनची गोळी छातीत अडकल्यासारखी झाली, अर्धा तास जीव घाबरा. दुसऱ्या दिवशी हात पुढे होईना. मी स्वतःशीच ठरवलं की बाकीचं आवश्यक आहे, हे महिनाभर राहू दे.

पाचव्या-सहाव्या दिवशी चक्कर सुरू झाली. मान वळवली की डोक्यात क्षणभर वीज लपकून जायची. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. झोपेत भयंकर स्वप्नं, आणि नळ वाहत राहिला म्हणून मी मुलीवर इतकी ओरडले की ती दोन दिवस बोलली नाही. सगळे म्हणाले अशक्तपणा आहे. फेरतपासणीला गेले तर वजन ११ किलो उतरलेलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं, टाके बघितले, प्रोटीन किती जातं विचारलं. मन कसं आहे, हे तिथे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण सगळे एवढे खूश होते.

शेवटी बहिणीने माझ्या सायकियाट्रिस्टना फोन केला. त्यांनी गोळी पुन्हा लहान डोसपासून सुरू केली. ताळ्यावर यायला दीड महिना गेला. तो दीड महिना मला टाळता आला असता, म्हणून एवढं लांबण लावलं.

औषधवाला_काका | ७ जानेवारी, सकाळी ७:१५

सांगलीत २६ वर्षं औषधाचं दुकान आहे, म्हणून एकच गोष्ट विचारतो. तुमच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक नाव आहे की दोन?

आपल्याकडे एस्सिटॅलोप्राम (डिप्रेशनचं) आणि क्लोनाझेपाम (घबराट-झोपेचं) एकाच गोळीत असलेली पाकिटं भरपूर चालतात. गिऱ्हाइकाला वाटतं आपण एकच औषध घेतो. ही दोन पूर्णपणे वेगळी औषधं आहेत आणि त्यांचे धोकेही वेगळे. पाकीट बघून इथे लिहा. तोवर काही बंद करू नका.

शिवाय गोळी कुठल्या प्रकारची आहे तेही बघा. नावापुढे 'एसआर', 'एक्सआर', 'ईआर' असं काही असेल तर ती सावकाश विरघळण्यासाठी केलेली असते. तिची पूड करून घ्यायची नसते, केली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. ड्युलॉक्सेटिन या डिप्रेशनच्याच औषधाच्या कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात, प्रत्येक दाण्यावर आम्लापासून वाचवणारं आवरण असतं, तेही कुटायचे नसतात. ऑपरेशननंतर घरोघरी खलबत्ता बाहेर निघतो, म्हणून सांगून ठेवतो.

साधासरळ | ७ जानेवारी, सकाळी ९:०३

ताई, राग मानू नका, कळकळीने लिहितोय. माझ्या वडिलांचंही वजन खूप होतं, त्यामुळे त्रास मला माहीत आहे. पण एवढं मोठं ऑपरेशन करून घेताय, नवं आयुष्य सुरू करताय, तर या गोळ्या कशाला सोबत न्यायच्या? प्राणायाम, सकाळचं चालणं, नामस्मरण यांनी मन खंबीर होतं. बऱ्याच वेळा वजनामुळेच माणूस खचलेला असतो. वजन गेलं की उदासी जाईल.

मंजिरी_पुणे | ७ जानेवारी, सकाळी ९:४०

साधासरळदादा, तुमची कळकळ पोचली. मीही रोज चालते, अनुलोम-विलोम करते. पण गोदाकाठताईंची उदासी आईच्या जाण्यातून आलेली आहे, वजनाच्या काट्यातून नाही. ती वजनाबरोबर उतरेलच असं कसं म्हणायचं? माझं वजन ४१ किलो उतरलं. गोळी अजून आहे, फक्त डोस कमी झालाय. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

मनोवैद्य | ७ जानेवारी, दुपारी २:३०

व्यवसायाने सायकियाट्रिस्ट आहे. इथे कुणाचा डोस ठरवणार नाही, तो ज्याने तपासलंय त्यानेच ठरवावा. पण गैरसमज बरेच दिसताहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

डिप्रेशनची गोळी चालू आहे म्हणून बॅरिॲट्रिक, म्हणजे लठ्ठपणावरची, सर्जरी नाकारली जात नाही. ऑपरेशनला येणाऱ्या कितीतरी लोकांची अशी औषधं चालू असतात. सर्जन थांबतात ते आजार आटोक्यात नसेल, आत्महत्येचे विचार चालू असतील, दारूचं व्यसन सुरू असेल तेव्हा. तेही बहुतेकदा रद्द करत नाहीत, पुढे ढकलतात. नियमित गोळीवर दोन वर्षं स्थिर असलेली बाई ही सर्जनच्या दृष्टीने चिंतेची नाही, भरवशाची पेशंट आहे.

भुलेबद्दल. एसएसआरआय गटातल्या (सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम यांसारख्या) डिप्रेशनच्या गोळ्या साधारणपणे ऑपरेशनच्या दिवसापर्यंत चालूच ठेवतात. पण भूलतज्ज्ञाला माहीत असणं अत्यंत गरजेचं आहे. आपल्याकडे ऑपरेशननंतर दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल सर्रास देतात. या गोळ्यांबरोबर ते दिल्यास शरीरात सेरोटोनिन जास्त वाढण्याचा धोका असतो: थरथर, घाम, ताप, गोंधळ. उलटीवरचं ऑनडॅनसेट्रॉन आणि एस्सिटॅलोप्राम एकत्र आले तर हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं. एसएसआरआयने रक्तस्रावाची प्रवृत्तीही थोडी वाढते. माहीत असेल तर डॉक्टर दुसरं औषध निवडतात, ईसीजी काढतात. माहीतच नसेल तर काय करणार? लपवलेली गोळी धोकादायक ठरते ती अशी.

आता 'लागू पडते का'. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात, आतड्याचा मार्ग तसाच राहतो. बायपासमध्ये लहान आतड्याचा सुरुवातीचा भागही वगळला जातो, त्यामुळे औषध शोषण्यात जास्त फरक पडतो. 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री'त २०१२ मध्ये एक छोटा अभ्यास आला होता. बायपास झालेल्या १२ जणांच्या रक्तातली या औषधांची पातळी ऑपरेशनच्या आधी आणि नंतर मोजली. एका महिन्याने १२ पैकी ८ जणांमध्ये ती घसरली होती, सरासरी जवळजवळ निम्म्यावर. सहा महिन्यांपर्यंत त्या ८ पैकी ६ जणांची पूर्ववत झाली. माणसं थोडी आहेत, पण दवाखान्यात दिसतं ते याच्याशी जुळतं. पहिले काही महिने कसोटीचे असतात आणि प्रत्येकाचं शरीर निराळं वागतं. म्हणून 'ऑपरेशननंतर डोस दुप्पट करा' असा सरसकट नियम नाही.

रक्तातली पातळी तपासण्याची सोय आपल्याकडे सहज नसते. मी माझ्या पेशंटकडून दर पंधरा दिवसांनी पीएचक्यू-९ ही डिप्रेशन मोजायची प्रश्नावली भरून घेतो. नऊ प्रश्न, पाच मिनिटं. झोप, भूक आणि थकवा हे प्रश्न ऑपरेशनमुळेही वर जातात, त्यामुळे मी 'कशातच रस वाटत नाही' आणि 'आपण अपयशी आहोत' या ओळींकडे जास्त बघतो.

सतत उलट्या होत असतील तर मात्र गोळीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी सर्जनकडे जा. गोळी बाहेर पडतेच, पण थायमिन म्हणजे बी-१ वेगाने कमी होतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चालताना तोल जाणं, दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं होणं ही तातडीची लक्षणं आहेत. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व कमी झालं तरी माणूस मलूल आणि उदास दिसतो. नंतरच्या काळात उदासी परतली तर डोस वाढवण्याआधी मी हे रक्त तपासतो.

ज्यांना मूडसाठी लिथियम चालू आहे त्यांनी सर्जरीच्या आधी सायकियाट्रिस्टना भेटल्याशिवाय पाऊलच टाकू नये. पाणी कमी पडलं की लिथियमची पातळी विषारी होऊ शकते.

गोदाकाठ | ७ जानेवारी, रात्री १०:१०

काका, बरणीमागून पाकीट काढलं. मोबाइलचा टॉर्च लावून वाचलं. दोन नावं आहेत. एस्सिटॅलोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५.

दोन वर्षांत मी ते पाकीट कधी उलटं करून बघितलं नव्हतं. खरं सांगते, हात थंड पडले. पहिल्यांदा डॉक्टरांनी महिनाभरासाठी लिहून दिली होती. नंतर मी फोटो दाखवून दुकानातून तीच आणत राहिले. परत त्यांच्याकडे गेले ते चार-पाच महिन्यांतून एकदा, तेही घाईत.

औषधवाला_काका | ७ जानेवारी, रात्री १०:३५

घाबरू नका पोरी. कळलं हे चांगलं झालं. आणि फोटो बघून देणाऱ्या आमच्यासारख्यांचीही यात चूक आहे, मी ती मान्य करतो.

क्लोनाझेपाम रोजचं असेल तर एकदम तोडायचं नाही. फार वाईट झोप, हातांना कंप, कधी फिट येण्यापर्यंत मजल जाते. मावसबहिणीचं ऐकून आठवडाभर आधी बंद केलं असतं तर ऐन ऑपरेशनच्या दिवशी ते उमटलं असतं.

मनोवैद्य | ७ जानेवारी, रात्री ११:०५

काकांशी पूर्ण सहमत. क्लोनाझेपाम भूल आणि अफूजन्य वेदनाशामकांबरोबर श्वास मंदावू शकतं. जास्त वजन असलेल्या बऱ्याच जणांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असतो, त्यांना हा धोका अधिक. तुम्ही घोरता का, रात्री दचकून जागं होता का, हेही भूलतज्ज्ञांना सांगा. उद्याच तुमच्या डॉक्टरांची वेळ घ्या. दोन्ही औषधं वेगवेगळी लिहून घ्यायची, एक चालू ठेवायचं आणि दुसरं कसं व किती सावकाश उतरवायचं हे ते ठरवतील. सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना चिठ्ठी द्यायला सांगा.

कागदपत्रवाली | ८ जानेवारी, दुपारी १२:२०

विम्याचे दावे बघण्याचं काम करते. व्यनिमध्ये (खासगी निरोपात) दोघींनी याला विमा मिळतो का असं विचारलं, म्हणून इथेच लिहिते. विमा नियामकाच्या प्रमाण अटींनुसार लठ्ठपणाच्या ऑपरेशनसाठी वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक आणि सोबत गंभीर आजार, असं बघतात. गोदाकाठताईंचा बीएमआय ४४ च्या आसपास येतो. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा मिळाला पाहिजे, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलेलं आहे. दावे अडकतात ते माहिती दडवल्यामुळे. पॉलिसी घेताना जे विचारलं जातं त्याचं खरं उत्तर लिहा.

लेकीचा_बाबा | ८ जानेवारी, रात्री ९:४५

माझ्या बायकोचा बायपास झाला त्याला अडीच वर्षं झाली. नवरा म्हणून दोन गोष्टी सांगतो.

चौथ्या महिन्यात तिला वाटलं, पूर्वीचे पॅनिक ॲटॅक परत आले. घाम, धडधड, हातपाय गळणं, 'मला काहीतरी होतंय'. तिने गोळी वाढवून मागितली. डॉक्टरांनी विचारलं, हे कधी होतं? आम्ही वहीत लिहायला लागलो. पाडव्याला दोन चमचे श्रीखंड, वीस मिनिटांत धडधड. एका लग्नात अर्धा ग्लास पन्हं, तेच. डंपिंग होतं ते, गोड एकदम आतड्यात उतरल्यामुळे होणारं. खाऊन दीड-दोन तासांनी होत असेल तर साखर घसरल्यामुळेही होऊ शकतं असं सांगितलं. गोड सुटलं, प्रकार थांबला. गोळी होती तेवढीच राहिली.

दुसरी गोष्ट अवघड आहे. पहिलं वर्ष सणासारखं गेलं. जुने कपडे वाटून टाकले, लोक ओळखेनात. दुसऱ्या वर्षी वजन उतरायचं थांबलं, कौतुक करणारेही थांबले. पूर्वी वाईट दिवस गेला की ती खायची. आता तेही दार बंद. एका रात्री ती म्हणाली, "बारीक झाले, पण मी तीच आहे." मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. पुढे काय-काय झालं ते इथे लिहीत नाही. वेळेवर मदत मिळाली, ती ठीक आहे. पण घरच्यांनो, ऑपरेशननंतर वर्ष उलटलं म्हणजे सगळं पार पडलं असं समजू नका.

मनोवैद्य | ८ जानेवारी, रात्री १०:३०

बाबा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला ८,८१५ रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशनच्या आधीच्या तीन वर्षांपेक्षा नंतरच्या तीन वर्षांत स्वतःला इजा करून घेऊन तातडीच्या विभागात येण्याचं प्रमाण सुमारे दीडपट दिसलं, आणि बहुतेक घटना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या. एकूण आकडा लहानच आहे, बहुतांश लोकांचं मन ऑपरेशननंतर सुधारतं. पण ज्यांना आधीपासून मानसिक आजार आहे त्यांनी सायकियाट्रिस्टची वेळ निदान तीन वर्षं चुकवू नये. ऑपरेशननंतर दारू लवकर आणि जास्त चढते, हेही याच काळात घात करतं.

कुणाला रात्री-अपरात्री फार असह्य झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

साधासरळ | ९ जानेवारी, सकाळी ८:१०

सगळं वाचलं. परवा माझं लिहिणं अपुरं होतं. वडिलांच्या बाबतीत आम्ही डॉक्टर न करता नुसतं "मन खंबीर ठेवा" म्हणत राहिलो, हे आज लेकीचा_बाबा यांचं वाचताना सारखं आठवत होतं. ताई, गोळी बंद करू नका.

गोदाकाठ | ३० जानेवारी, सायंकाळी ६:४०

परवाची तारीख होती. ऑपरेशन झालं नाही, पुढे गेलं आहे, आणि मी ठीक आहे.

सर्जनकडे एकटीच गेले होते. रकाना पूर्ण केला आणि कागद त्यांच्यासमोर सरकवला. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे आधी सांगितलंत तर मी तुमची जास्त चांगली काळजी घेऊ शकतो." तारीख मार्चमध्ये ढकलली. माझ्या डॉक्टरांनी दोन्ही औषधं वेगळी केली. एस्सिटॅलोप्राम १० तशीच, क्लोनाझेपाम आठवड्या-आठवड्याने उतरवताहेत. झोपेची तपासणीही झाली, श्वास अडकतो असं निघालं, रात्री मशीन लावून झोपते.

सासूबाईंना नवऱ्याने सांगितलं. त्या दिवसभर काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा तू माहेरून आल्यावर आठ दिवस अंथरुणात होतीस, ते हे होतं?" मी हो म्हटलं.

गोदाकाठ | २२ जून, रात्री ९:१५

मार्चमध्ये स्लीव्ह झालं. आज वजन ८४.

ट्रॅमाडॉल दिलं नाही, वेगळं औषध दिलं. पहिले दोन आठवडे एस्सिटॅलोप्रामची पूड करून चमचाभर पाण्यात घेत होते. डॉक्टरांना विचारून, कारण ही साधी गोळी आहे. कडू इतकी की जिभेच्या मागे तासभर राहते. तिसऱ्या आठवड्यापासून अर्धी-अर्धी करून गिळायला लागले. सहाव्या आठवड्यात पीएचक्यू वर गेला. सकाळी उठून खिडकीपाशी नुसतं बसून राहायचे, मुलगा काहीतरी सांगतोय हे ऐकू यायचं पण पोचायचं नाही. ही खूण मला ओळखीची होती. त्याच दिवशी फोन केला. बी-१२ तपासलं, बरं निघालं. डोस १५ केला. तीन आठवड्यांनी मुलाबरोबर पुन्हा कॅरम खेळले. क्लोनाझेपाम पूर्ण बंद आहे.

गोळ्या आता ओट्यावरच्या ट्रेमध्ये असतात, सगळ्यांना दिसतील अशा.

एक विचारायचं होतं. थायरॉइड, लोह, कॅल्शियम आणि ही, चारही सकाळीच घेतल्या तर चालतं का? दिवसभर विसरायला होतं.

मंजिरी_पुणे | २२ जून, रात्री ९:३२

नाही नाही, एकत्र नको. थायरॉइडची उठल्याउठल्या रिकाम्या पोटी. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडपासून चार तास लांब, आणि त्या दोघांतही दोन तासांचं अंतर. मनाची गोळी मी ब्रश करताना घेते, ती कधी विसरत नाही. तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून वेळा कागदावर लिहा आणि फ्रिजवर लावा.

८४ वाचून फार बरं वाटलं. कॅरम वाचून जास्त.